सबबीची डबी

आमच्या नातवाच्या न्हाणीघरात आरशाखाली एक काचेची फळी आहे आणि त्या फळीवर सध्या अकरा बाटल्या उभ्या आहेत. मी मोजल्या. निवृत्त माणसाने दुसऱ्याच्या न्हाणीघरात जास्त वेळ काढला की त्याच्या हातून असली मोजदाद होते. बायकांच्या बाटल्या कशा गुलाबी, मोतिया, फिकट जांभळ्या असतात. ह्या अकराही बाटल्या काळ्या, करड्या किंवा बंदुकीच्या नळीच्या रंगाच्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटले, पोराने मोटारसायकलचे ऑइल घरात आणून ठेवले की काय! एकीवर ‘चारकोल’ असे लिहिले आहे. चारकोल म्हणजे कोळसा. जळोचीला आमचे आजोबा रोज सकाळी कोळशाने दात घासत, तेव्हा तो कोळसाच होता आणि फुकट होता. नातू कोळशाने तोंड धुतो. तो चारकोल आहे आणि त्याची किंमत ऐकून माझेच तोंड काळे पडले.

“हे सगळं तू तोंडाला लावतोस?” मी विचारले.

“मग काय आजोबा, पायाला?”

“अरे, एवढी कॉस्मेटिक्स तुझ्या आजीनं लग्नातसुद्धा...”

“कॉस्मेटिक्स नाहीत ती,” नातू दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “ग्रूमिंग आहे ते.”

झाले! त्या एका शब्दाने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरुषाला नटायचे असते. त्याला फक्त नटणे म्हणायचे नसते. तुम्ही दुसरे कोणतेही नाव द्या, तो आनंदाने तोंड पुढे करील. तेव्हापासून मी ह्या विषयाचा थोडा मागोवा घेतला, आणि माझी खात्री झाली आहे की गेली शंभर वर्षे कंपन्या पुरुषाला क्रीम विकतच नाहीत. त्या त्याला सबब विकतात. क्रीम डबीत वरून भरलेले असते, इतकेच.

आता पूर्वीचा पुरुष असा नव्हता. आमची जळोची आज बारामती शहराच्या हद्दीत गेली आहे, आणि बारामती म्हणजे मोरोपंतांचे गाव. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंत इथे राहिले आणि आर्या रचत बसले. त्या काळातल्या सरदार-सावकारांची चित्रे जरा न्याहाळून पाहा. कानात भिकबाळी, गळ्यात मोत्यांचा कंठा, कपाळाला गंध, डोक्यावर अशी पगडी की ती सांभाळायला मान वेगळी शिकवावी लागावी. बैठक उठायच्या वेळी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरे ती पुरुषांच्या रांगेतून. त्यांना कोणी ‘हे काय, नटलात?’ असे विचारले असते तर त्यांनी ‘होय’ म्हटले असते आणि दुसरे मनगट पुढे केले असते. सबबीची गरजच नव्हती.

फार कशाला, महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांना नेसावे कसे हे शिकवले ते एका पुरुषाने. बालगंधर्व रंगभूमीवर ज्या तऱ्हेने नऊवारी नेसत, ज्या तऱ्हेने गजरा माळत, ती तऱ्हा दुसऱ्या दिवशी माजघरात उतरे. म्हणजे नटण्याची विद्यापीठे पुरुषांचीच होती. पदव्या तेवढ्या बायका घेत होत्या.

मध्ये कुठेतरी साहेब आला. तो काळा कोट घालून आला आणि त्याने आम्हाला सांगितले की खरा पुरुष नटत नाही, खरा पुरुष फक्त स्वच्छ असतो. आम्ही साहेबाचे राज्य घालवले, पण त्याचा हा सल्ला काही परत केला नाही. आमच्या तात्यांचे तर ठाम मत होते, “पुरुषाच्या जातीला आरसा दोनच वेळा लागतो. एक दाढीला, अन् दुसरा डोळ्यात कुसळ गेलं तर.”

ह्यातली पहिली वेळसुद्धा तात्यांच्या वडिलांना लागत नसे. जळोचीला तेव्हा बलुतेदारी होती. नाभिकमामा धोपटी काखेला मारून लिंबाखाली येऊन बसत. समोर उकिडवे बसायचे, मान मामांच्या हवाली करायची आणि गावातल्या बातम्या ऐकायच्या. वाटीत पाणी, चामोट्यावर घासलेला वस्तरा आणि शेवटी तुरटीचा खडा. ह्यात पैशाचा संबंध नव्हता; सुगीला मामांच्या घरी धान्य जाई. तुरटी ही खरी गुणी वस्तू. ती कातडी आवळून धरते, बारीकशा कापण्यातून येणारे रक्त थांबवते, आणि लावताना अशी झोंबते की माणसाला आपण काहीतरी पराक्रम केल्यासारखे वाटते. तिची जाहिरात कोणी कधी केली नाही. खडा वर्षानुवर्षे पुरे. जी वस्तू संपत नाही तिची जाहिरात कोण करणार?

नेमका हाच विचार अमेरिकेतल्या एका फिरत्या विक्रेत्याने केला. त्याचे नाव किंग जिलेट. हा बाटल्यांची बुचे करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, आणि ‘एकदा वापरली की फेकून द्यायची अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल’ असा सल्ला त्याला तिथेच मिळाला होता. त्याने पातळ पात्याचा रेझर काढला. १९०३ साली विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती! दुसरा कोणी असता तर परत बुचे विकायला गेला असता. पण पुढच्याच वर्षी रेझर ९० हजारांवर गेले. पुढे पहिले महायुद्ध आले आणि अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. गंमत बघा, हा जिलेट तरुणपणी स्पर्धा आणि नफेबाजी बंद व्हावी म्हणून पुस्तक लिहून बसला होता. तेच पुस्तक खपले असते तर आज आपल्या सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या असत्या.

पण त्या विक्रेत्याची खरी अक्कल वेगळीच. त्याने पुरुषाला साबणाचा फेस, गुळगुळीत गाल असले काही विकले नाही. त्याने औजार विकले. आमच्याकडे तात्यांच्या एका मामांनी पलटणीतून परतताना असा रेझर आणला आणि तो तात्यांना दिला. तात्या त्याला शेवटपर्यंत ‘मशीन’ म्हणत. “माझं मशीन कुणी हलवलं?” असा आवाज सकाळी मोरीतून आला की शेजाऱ्यांना वाटे, ह्यांच्या विहिरीवरचे इंजिन चोरीला गेले. मशीन म्हटल्यावर लाज कसली? मशीन पुसावे लागते, उघडावे लागते, त्याचे पाते बदलावे लागते. ह्या सगळ्या मर्दानी कामांत तोंड गुळगुळीत होऊन जाते ते आपोआप. जुनी पाती आईकडे जात. ती त्यांनी शिवण उसवी, आम्ही पेन्सिली करत असू आणि आजोबा कुरूप तासत. फेकून द्यायची वस्तू म्हणून जिलेटने जी काढली ती आमच्या घरात चार माणसांना वर्षभर पुरे. जळोचीपुढे त्याने हात टेकले असते.

औजाराची सबब ही पहिली. दुसरी सबब आपल्याकडची, स्वदेशीची. अर्देशर गोदरेज ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला चरबीऐवजी वनस्पती तेलापासून अंगाचा साबण काढला. त्याच्या जाहिरातीला साक्ष दिली ती रवींद्रनाथ टागोरांनी! आता ज्या साबणाची शिफारस गुरुदेव करतात, आणि ज्याचा मालक टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देतो, तो साबण लावणे म्हणजे नटणे कसे होईल? ती देशसेवा झाली. अशी देशसेवा अंगाला चोळून पुष्कळ पुरुष स्वच्छ झाले. मुंबईतच पाटणवाला ह्यांनी ‘अफगाण स्नो’ काढला, त्याचे नाव म्हणे अफगाणिस्तानच्या राजाने बघता बघता सुचवले. घेणाऱ्या बायका, पण बारशाला राजा! घरात अशी डबी असली की घरधन्याचे बोट तीत चुकून बुडाले तरी त्याला राजाश्रय असे.

तिसरी सबब मात्र माझ्या पिढीची. पराक्रमाची.

१९६२ साली बारामतीला तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघाले आणि चार वर्षांनी मी तिथे दाखल झालो. तोवर माझ्या डोक्याला खोबरेल तेलाखेरीज काही ठाऊक नव्हते. तेही आई रविवारी थापी आणि शनिवारपर्यंत ते कपाळावरून ओघळे. कॉलेजात आल्यावर कळले की जगात ब्रिलक्रीम नावाची वस्तू आहे. ती १९२८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला निघाली. महायुद्धात तिकडच्या वैमानिकांना लोक ‘ब्रिलक्रीम बॉइज’ म्हणत. मागून डेनिस कॉम्प्टन हा क्रिकेटवीर तिच्या जाहिरातीत आला. आणि मग आपला फरुख इंजिनीयर! मुंबईचा, दादरच्या पारशी कॉलनीतला. जानेवारी १९६७ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने जेवणाच्या सुट्टीआधी ९४ धावा काढल्या. कोणाविरुद्ध? हॉल आणि ग्रिफिथविरुद्ध! एवढी आग समोरून येत असताना ज्याचा भांग मोडत नाही, त्याच्या डोक्याला काय लावलेले आहे ह्याची चौकशी करणे म्हणजे नटणे नव्हे. तो क्रिकेटचा अभ्यास होय.

आम्ही चौघांनी तो अभ्यास वर्गणीत सुरू केला. बरणी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा औषधाच्या दुकानातून मलमासाठी मिळणारी साधी व्हॅसलीन सुटी आणली, तीत अत्तराचे चार थेंब घातले आणि त्या मिश्रणाला आमच्यातल्या एकाने ‘इंजिनीयरिंग’ असे नाव दिले. पहिल्या सकाळी मी ते डोक्याला थापून, भांग पाडून, सायकलवर बसलो. जळोची ते बारामती हा रस्ता तेव्हा डांबराला पारखा होता. बैलगाड्या, शेळ्या आणि पुढे एक एस.टी. ह्या सगळ्यांनी उडवलेली धूळ ‘इंजिनीयरिंग’ने प्रेमाने धरून ठेवली. कॉलेजात पोचलो तेव्हा माझे केस ठार पांढरे झाले होते. शिपायाने मला ‘काका, पोराची फी भरायची का?’ असे विचारून ऑफिसची खिडकी दाखवली. संध्याकाळी रिठ्याने डोके धुताना आईने तीन बादल्या पाणी ओतले. तात्या ओसरीवरून एवढेच म्हणाले, “बैलगाडीच्या आसाला लावलं असतंत तर निदान गाडी तरी पळाली असती.”

त्याच वर्षी, म्हणजे १९६७ च्या नोव्हेंबरात, विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरला जाहिराती सुरू झाल्या आणि ओसरीवरच्या रेडिओतून साबण-पावडरींची गाणी घरात शिरली. दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १९७६ साली. मग कपिल देव पामोलिव्हचा फेस गालाला लावून हसू लागला, विनोद खन्ना सिंथॉल लावून घोड्यावर बसला. घोडा कशाला, हे आम्ही कधी विचारले नाही. साबणाच्या जाहिरातीत बाई असली की ती टबात असते आणि पुरुष असला की तो घोड्यावर, धबधब्याखाली नाहीतर समुद्राच्या लाटेवर असतो. त्याने आंघोळ मुद्दाम केली असे वाटता कामा नये. पराक्रम करता करता तो भिजला पाहिजे.

आफ्टरशेव्हचा समुद्राशी असाच जुना घरोबा. ओल्ड स्पाइस हा अमेरिकन माल आधी १९३७ साली बायकांसाठी निघाला आणि १९३८ मध्ये पुरुषांसाठी. पुरुषांच्या बाटलीवर शिडाचे जहाज आले. जळोचीहून समुद्र किती लांब, हे मी सांगायला नको. पण सत्तरीनंतर आमच्याकडे लग्नात जावयाला जी सूटकेस देत, तीत दाढीचे सामान आणि असली एखादी जहाजवाली बाटली असल्याशिवाय मानपान पुरा होत नसे. पुष्कळ जावयांनी तो समुद्र वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवला आणि फक्त दुसऱ्यांच्या लग्नाला जाताना उघडला. आमच्या एका आतोबांना तो गालावर लावला की जे झोंबे, त्यावर ते फार खूश होते. “आग होते ना? म्हणजे आत काम चाललंय!” असे ते म्हणत. मला वाटते, पुरुषांच्या प्रसाधनाचे सगळे रहस्य ह्या एका वाक्यात आहे. बाईला वस्तू विकताना ‘मऊ’ म्हणावे लागते. पुरुषाला विकताना ती थोडी झोंबवावी लागते. झोंबले की ते औषध होते, आणि औषध घ्यायला कोणाला लाज वाटत नाही.

औषधाची सबब तर आपल्या महाराष्ट्रात थेट कोर्टात गेली. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेली विको ही कंपनी. त्यांनी पुढे हळदीचे क्रीम काढले. एक्साइज खाते म्हणाले, हे प्रसाधन आहे, जास्त कर भरा. विको म्हणाली, हे आयुर्वेदिक औषध आहे. ‘आम्ही कॉस्मेटिक नव्हे’ हे त्यांनी जाहिरातीच्या गाण्यातसुद्धा घालून घरोघर गाऊन घेतले. वर्षानुवर्षे हा वाद चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला, आणि विको जिंकली. कंपनीला कर वाचवायचा होता. पण देशभरातल्या किती पुरुषांची अब्रू त्या निकालाने वाचली असेल, ह्याची नोंद न्यायमूर्तींनी घेतली नसावी. क्रीम लावणाऱ्या नवऱ्याला आता सांगता येत होते, “औषध लावतोय मी. कोर्टानं सांगितलंय.”

इथवर मी हसत हसत आलो. आता थोडे खाली मान घालून सांगतो.

१९७६ साल. मी बारामतीलाच एका बँकेत चिकटलो होतो आणि माझ्या पाठची बहीण, जिला घरात सगळे बेबी म्हणत, ती डी.एड. होऊन घरी होती. आम्ही दोघेही तात्यांच्या वळणावर गेलेलो. तात्यांचा रंग जळोचीच्या उन्हाने भाजून भाजून पक्का केलेला, आणि तोच त्यांनी आम्हाला दिला होता, जमिनीबरोबर. माझ्या बाबतीत त्याचा कोणी उल्लेख करत नसे. ‘मुलगा बँकेत आहे’ हे वाक्य त्या काळात पुरेसे गोरे होते. बेबीला मात्र पाहायला येत. बारामतीच्या फोटो स्टुडिओत तिचा फोटो काढला. स्टुडिओत आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असे. फोटोग्राफरने इतकी पावडर थापायला लावली की फोटोत चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचे वाटत. चार स्थळे येऊन गेली. चौघांचीही पोस्टकार्डे आली: ‘मुलगी सर्वांना पसंत आहे, परंतु पत्रिका जुळत नाही.’ पाहा, नकाराचीसुद्धा एक सबबीची डबी असते. तात्या ते कार्ड दोनदा वाचत आणि खुंटीवरच्या तारेत अडकवून शेतावर जात. भर उन्हात.

तेव्हा गोरेपणाची क्रीमे बाजारात नुकतीच आली होती. बेबीने शिकवणीच्या पैशातून एक ट्यूब आणली. देवळीत, पंचांगाच्या मागे, ती लपवून ठेवी. रोज हरभऱ्याएवढे क्रीम घ्यायचे, दोन महिने पुरवायचे, असा तिचा हिशोब.

ती ट्यूब मला सापडली. आणि मी, बँकेतला कारकून, फरुख इंजिनीयरचा शिष्य, पहाटे साडेचारला उठून, दिवा न लावता, बहिणीच्या ट्यूबमधून रोज अर्धे पेर क्रीम काढू लागलो. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. मला कोणी नाकारले नव्हते. पण ती पोस्टकार्डे मीही वाचली होती, आणि त्यांत लिहिलेला रंग माझाही होता. क्रीम लावून झाले की मी ट्यूबची शेपटी तिने गुंडाळली होती तशीच नीट गुंडाळून ठेवी. बँकेत पैसे मोजणारा माणूस असल्या बाबतीत चोख असतो. ट्यूब महिन्यात संपली. बेबी आईला म्हणाली, “ट्यूबच लहान असते ग.” तिने दुसरी आणली नाही. मीही गप्प राहिलो. पुढे दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. मुलाने पत्रिका मागितलीच नव्हती.

ह्या गोष्टीला तीस वर्षे होत आली तेव्हा कंपन्यांना एक मोठा शोध लागला. बायकांच्या गोरेपणाच्या क्रीमचे गिऱ्हाईक शोधता शोधता त्यांना असे आढळले की त्यांत चोरून लावणारे पुरुष पुष्कळ आहेत! मी वर्तमानपत्रात ते वाचले आणि कानाची पाळी गरम झाली. म्हणजे त्या चोरांत एक मीही होतो. फक्त माझी मोजदाद उशिरा झाली. मग २००५ साली इमामी कंपनीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ काढले. चोरून मुलींचे क्रीम कशाला लावता, हे घ्या तुमचे, असा त्या जाहिरातींचा रोख. दोन वर्षांत शाहरुख खान जाहिरातीत आला. पुरुषाची कातडी बाईपेक्षा वेगळी, टणक, म्हणून तिला क्रीमही वेगळे, ही नवी सबब. डबी काळी, कातडी टणक आणि आतला माल गोरेपणाचा!

१९७५ ची फेअर अँड लव्हली २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. जगभर रंगभेदावर ओरड झाली तेव्हा ‘गोरे’ हा शब्द डबीवरून उतरला. शब्द उतरवायला पंचेचाळीस वर्षे लागली. पुरुषांच्या क्रीमचेही प्रकरण पुढे ग्राहक मंचात गेले. २०१३ साली दिल्लीतल्या एका गृहस्थाने ७९ रुपयांची ट्यूब घेतली, नेमाने लावली आणि गोरेपणा आला नाही म्हणून दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे की नुसत्या क्रीमने भागत नाही. सकस आहार, व्यायाम, आरोग्याच्या सवयी हेही लागते. हे म्हणजे आमच्या आईचेच म्हणणे झाले. पण आईने त्याचे ७९ रुपये घेतले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये मंचाने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून कंपनीला साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरायला सांगितले.

ती बातमी वाचली आणि मी पेपर खाली ठेवून बेबीला फोन लावला. तीही आता सत्तरीची आहे. मी म्हटले, “बेबे, तुला एक सांगायचंय. शहात्तर साली तुझी ती ट्यूब...”

“तू लावायचास,” ती म्हणाली. “माहीत होतं मला. कानामागं पांढरं राहायचं तुझ्या. रोज बँकेत तसाच जायचास.”

“मग बोलली का नाहीस?”

“तात्यांना कळलं असतं तर तुझी काय शोभा झाली असती! आणि खरं सांगू का दादा, मला जरा बरंच वाटलं होतं. वाटलं, चला, हे एकट्या माझंच नाही.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. शंभर वर्षांत मला मशीन मिळाले, स्वदेशी मिळाली, फरुख मिळाला, समुद्र मिळाला, सुप्रीम कोर्ट मिळाले. माझ्या थोबाडाला काही लावायचे तर एवढी मंडळी माझी लाज राखायला उभी. तिला कोणीच काही दिले नव्हते. तिच्या बाबतीत क्रीम लावणे ही लाज नव्हती, कर्तव्यच होते. आणि ते कर्तव्य करायला तिच्याकडे जे अर्धे पेर होते, तेही मी पळवले.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही दोघे जळोचीला गेलो. गाव ओळखू येत नाही. बाजार समितीचा उपबाजार तिथे आहे, माळव्याच्या नि फळांच्या गाड्या लागलेल्या असतात. जिथे नाभिकमामांचा लिंब होता त्या अंगाला आता एक जेंट्स पार्लर आहे, काचेच्या दाराचे. खुर्चीमागे उभा असलेला पोरगा मामांचा पणतू निघाला. मी दाढीला बसलो. त्याने फेशियल विचारले, स्क्रब विचारला, मी मान हलवत राहिलो. शेवटी म्हटले, “तुरटी आहे का रे बाळा?”

“आहे की आजोबा,” असे म्हणत त्याने एक गुळगुळीत, चौकोनी, पारदर्शक वडी काढली. तिच्या खोक्यावर ‘आफ्टरशेव्ह ब्लॉक’ असे छापले होते. काळ्या खोक्यावर. मी काही बोललो नाही. झोंबली तशीच.

बाहेर बेबी भिंतीवरचा दरांचा फलक वाचत उभी होती. “दादा, हे डी-टॅन म्हणजे काय असतं रे?”

“उन्हानं रापलेला रंग काढतात,” मी म्हटले. “शेतावर, मोटारसायकलवर पोरं हिंडतात ना, त्यांच्या तोंडावरचं ऊन काढून देतात.”

“ऊन काढतात?” ती हसली. मग फलकाकडे पाहत जरा थांबली आणि म्हणाली, “तात्यांचं काढायला किती पडले असते रे?”

मी फलकावरचा दर पाहिला आणि मनातल्या मनात हिशोब मांडू लागलो. एवढी वर्षे बँकेत काढली, पण तो काही मला लागला नाही.